लालासाबचा बिनअंबारीचा हत्ती

मंगळवार पेठेत फोटो मढवून देणाऱ्या लालासाबला लोकांच्या फोटोंत काडीचा रस नाही. त्याचा जीव फोटोच्या पाठीमागं. त्याचे वडील फ्रेममध्ये पुठ्ठा कमी पडला की रद्दीतली नाटकांची जुनी हँडबिलं कापून भरायचे. तीच हँडबिलं शोधत लालासाब आता दारोदार फिरतो. काच फुकटात बदलून देतो आणि मागचा कागद मागतो. एका घराला वाटलं, मागं नोटा असणार. त्यांनी स्वतःच फ्रेम उचकटली आणि चिडून रद्दी त्याच्या अंगावर भिरकावली. लालासाब खूश!

कपाट भरलं. त्यात तलवारी, पऱ्या, मिशा उतरवून शालू नेसलेले नट. खंत एकच, एका हँडबिलावरचा झुलीचा हत्ती. पाठीवर कात्री चाललेली, त्यामुळं अंबारीत कोण बसलंय ते दिसत नाही. बायको नजीरा म्हणायची, "अर्धा हत्ती पाळलाय यांनी. बरं हाय, चारा मागत न्हाय."

हा हत्ती सापडला होता पेठेतल्याच धोंडुबाईच्या दिराच्या फोटोमागं. दोघा भावांनी फोटो एकाच दिवशी मढवून घेतलेले. म्हणजे अंबारी धोंडुबाईच्या नवऱ्यामागं असणार, हे लालासाब छातीठोक सांगायचा. पण म्हातारी फोटोला हात लावू देईना.

"मालक भिंतीवरनं खाली यायचं न्हाईत. चा पी आन जा."

लालासाब किती चहा प्याला याला गणती नाही. शेवटी एकदा तो फोटोजवळ जाऊन पुटपुटला, "आक्का, मिशी बघा की. बुरशीनं निम्मी खाल्लीया. आनी दोन पावसाळं गेलं की मालक सफाचट."

धोंडुबाई चष्मा लावून उठली. नवरा गेला तरी मिशी जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

"काढ. पर मिशीला धक्का लागला तर तुजी उपटीन."

फ्रेम उघडली. अंबारी होती! पण वडिलांनी खळ अशी काही थापली होती की हँडबिल फोटोच्या पाठीला घट्ट बसलेलं. लालासाबनं सुरीचं टोक घातलं, तर कागदाबरोबर फोटोचाही कोपरा उचलला.

धोंडुबाई शांतपणे म्हणाली, "दोघांतलं एकच ऱ्हानार म्हन की."

इतक्या वर्षांची अंबारी बोटाखाली होती. लालासाबनं सुरी खाली ठेवली.

"न्हाय आक्का. दोन्ही ऱ्हातील."

फोटो घेऊन तो दुकानात गेला. कापसानं बुरशी पुसली. उंच, दोन्ही बाजूंनी काचेची फ्रेम केली. घरचा हत्ती आणून अंबारीखाली बसवला, कात्रीची रेघ रेघेला जुळवली. पुढच्या बाजूला मालक, मागं हत्ती. नजीरानं कपाटातली मोकळी जागा बघितली आणि तिथं आपला बांगड्यांचा डबा ठेवून दिला.

फ्रेम धोंडुबाईच्याच भिंतीवर लागली. ठरलं असं, की सहा दिवस मालकांचं तोंड आणि रविवारी लालासाब येऊन फ्रेम फिरवणार.

पहिल्या रविवारी धोंडुबाईनं फिरवलेली फ्रेम नीट निरखली. कपाळाला आठी.

"ही अंबारीतली नथवाली भवानी इतकी वर्सं आमच्या मालकांच्या पाठीशी व्हती व्हय रं?"

"बाई न्हाय ती, आक्का. बाप्या हाय. नाटकातला."

धोंडुबाईनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"मग ऱ्हाऊ दे. चा टाकते."