खापरखवल्याचा बारामती मुक्काम

कॉलेजच्या झूऑलॉजी लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात मी बारामतीला डेमॉन्स्ट्रेटर होतो. त्यातले एकाच सापाचे सांगतो.

*

नागपंचमीच्या दुपारी काटेवाडीचे एक आबा पाटी घेऊन आले. आत महाबळेश्वरच्या नर्सरीतून आणलेल्या रोपाची माती आणि त्यात वीतभर काळपट साप. शेपूट तिरकी छाटलेली! या दिवशी कापू नये, खणू नये असं बायको बजावत असताना आबांनी खुरपं चालवलं होतं.

"टाकं घाला सायेब. ती घरात घेईना मला."

हेड सरांनी भिंगातून पाहिलं. "अहो, याची शेपूट जन्मापासून अशीच असते. हा खापरखवल्या. ढगांत भिजणाऱ्या डोंगरातला, मातीत राहणारा. चावतसुद्धा नाही."

"मग तसं कागदावर लिवून द्या. शिक्का मारून!"

सरांनी दिलं.

*

असा दुर्मिळ साप सरांना बाटलीत हवा होता. पण स्टोअरच्या किल्ल्या लॅब अटेंडंट बिरूतात्यांकडे. रोज एकच उत्तर, "फॉर्मेलीन संपलंय."

पाचव्या दिवशी सरांनी स्वतः कपाट उघडलं. सहा बाटल्या, काठोकाठ भरलेल्या!

"हे काय तात्या?"

"ते मेलेल्यांसाठी हाय सर. ह्यो जित्ता हाय."

सरांनी कपाट लावून टाकलं. मला मनातून फार बरं वाटलं.

*

आता त्याला बारामतीच्या उकाड्यात जगवायचं होतं. तात्यांनी मातीचा डबा माठाखाली ठेवला, वर ओलं पोतं टाकलं. खायला गांडुळं हवीत म्हणून पिंपळीला ओळखीच्याच्या उसात खणायला गेले.

"मासं धरायला चाललास व्हय?" मालकानं विचारलं.

"न्हाय. घरी पाव्हणा आलाय, त्याला खायाला."

मालकानं खणलेल्या गांडुळांकडे पाहिलं. "बायकोकडचा का?"

*

पाव्हण्यानं गांडुळाला तोंड लावलं नाही. सातव्या दिवशी तो हातावर दोरीसारखा लोंबायला लागला. आणखी दोन दिवस इथं राहिला असता तर गेलाच असता. तात्यांनी रजेचा अर्ज लिहिला. कारण : पाव्हणा घरी पोचवणे.

सरांनी वाचला, 'रजा' खोडून 'ड्यूटी' लिहिलं आणि माझंही नाव घातलं.

*

एसटीत तात्यांनी डबा मांडीवर धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"माती."

"बारामतीची माती महाबळेश्वरला?"

"न्हाय, तितलीच हाय. परत न्यायला लागलोय."

कंडक्टरनं आमच्या दोघांकडे नीट पाहिलं आणि तिकिटं फाडून पुढच्या सीटवर गेला.

*

महाबळेश्वरला धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. लहानपणी तात्या याच डोंगरातून मेंढरांमागं चालत कोकणात उतरायचे. पुढं घरी ऊस आला आणि मेंढरं विकली, तेव्हापासून ते इकडं फिरकले नव्हते.

त्यांनी एका झाडाच्या बुंध्याशी डबा उपडा केला. साप हलेना. मग त्यानं टोकदार तोंड ओल्या मातीत घातलं आणि बघता बघता सगळाच आत गेला. मी आनंदानं टाळी वाजवली!

तात्या मात्र उकिडवेच बसून राहिले. धुक्यानं त्यांच्या मिशा भिजल्या होत्या.

"चला तात्या, एसटी चुकेल."

त्यांनी त्या भोकावर हलक्या हातानं पालापाचोळा लोटला.

"तुझं बरं हाय गड्या," ते म्हणाले. "तुला परत आणून सोडाया कुणीतरी व्हतं."