थकलं की वळतं झालं?

बत्तिशीबाईला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते, वर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवते, एकेक दात रोवते आणि शेवटी मशीनवर घासून चकचकीत करते. हे सगळं ती राहते त्याच वरच्या मजल्यावरच्या खोलीत. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला टेबल आणि दोन्हींवर सारखीच पांढरी भुकटी. खिडकीत जबडे वाळत असतात. नवा पोस्टमन आला की दारातच थबकतो. जुना मात्र खिडकीकडे बघून, "काय मंडळी, बरं आहे ना?" असं विचारून जायचा.

या कामापायी तिला एक खोड जडली होती. समोरचा बोलायला लागला की तिचं लक्ष शब्दांवरून घसरून थेट त्याच्या तोंडात जाऊन पडायचं. हा उजव्या बाजूनंच चावतो. हिची कवळी सैल आहे, जिभेनं धरून बोलते. समोरचा थांबला की ही म्हणायची, "हो." घोडं पेंड खायचं ते तिथंच.

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. ती त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला ताई. मागे एकदा तिचं मनगट मोडलं आणि तीन महिने काम बंद पडलं. कवळ्या नाहीत तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर भाडं कुठलं? तेव्हा भाऊ कण्हतकुथत जिना चढून वर आले.

"ताई, जिवाला लावून घेऊ नका. तुमची अनामत आहे ना माझ्याकडे? बरोब्बर तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. त्यातून वळतं करतो."

"हो," बत्तिशीबाई म्हणाली.

हात बरा झाला, मशीन पुन्हा घरघरायला लागलं, भाडंही पुन्हा वेळेवर जायला लागलं. वर्ष उलटलं. मग एका सकाळी भाऊ पुन्हा वर आले. या खेपेला खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"ताई, तुमचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय. ते भरा आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करा. असले भाडेकरू मला परवडत नाहीत."

भाऊंची खालची डावी दाढ गेलेली होती. कधी गेली? मागच्या वेळी तर होती.

"हो," ती म्हणाली.

ते उतरून गेल्यावर तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख चमकलं. ती तशीच त्यांच्या मागोमाग जिना उतरली.

"भाऊ, मग माझी अनामत?"

"ती? ती भाड्यात वळती नाही का झाली? विसरलात?"

"हो की!" ती म्हणाली आणि ओशाळून वर आली. खरंच की, विसरलीच होती.

दोन्ही गोष्टी एकेकट्या घेतल्या तर तिला पटत होत्या. भाडं दिलं नव्हतं, हे खरं. अनामत वळती झाली, हेही खरं. मग दोन्ही एकत्र ठेवल्या की नीट बसत का नाहीत? दुसरी खोली बघायची तर तिथं आधी अनामत मोजायला हवी, ती कुठून आणणार? शिवाय प्लास्टरचा पसारा आणि मशीनचा आवाज सहन करणारा मालक मिळायला नशीब लागतं. ही खोली गेली तर काम गेलं, एवढं एकच तिला स्वच्छ कळत होतं. तरी ती मुकाट्यानं सामान बांधायला बसली. बांधता बांधता एका आजोबांचा वरचा जबडा कुणा आजीच्या खालच्या जबड्याबरोबर खोक्यात गेला, आणि ते लक्षात आल्यावर ती खोक्यापाशीच रडायला लागली.

अशा वेळी धाकटी बहीण आली. धाकटी शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत.

"रडतेस काय? झालं काय ते सांग!"

"माझंच चुकलंय गं. भाडं थकलंय."

"मग अनामतीतून घ्या म्हणावं."

"घेतलंय. वळतं केलंय."

"मग थकलं काय?"

"भाडं."

धाकटीनं बत्तिशीबाईला दंडाला धरून उठवलं. "हे बघ, आता तू भाऊ. मी तू. बोल."

"मी कशी भाऊ?"

"कमरेवर हात ठेव आणि भाडं माग!"

बत्तिशीबाईनं कमरेवर हात ठेवला. "ताई, तीन महिन्यांचं भाडं भरा."

"बरं. माझी अनामत परत करा, भरते."

"ती वळती झाली."

"कशात?"

"भाड्यात."

"कुठल्या?"

बत्तिशीबाईचा हात कमरेवरून गळाला. "थांब. परत सांग. मी आत्ता काय म्हणाले?"

"तेच तर! एका हातानं पैसे घेतले आणि दुसऱ्या हातानं मिळालेच नाहीत म्हणून पाटी लावली!"

"पण भाऊ असे नाहीत गं."

"तू असशील मग. चल."

भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकणारं एक सरकारी कार्यालय होतं, जिना अंधारा, पंखा कुरकुरणारा. तक्रार दिली, दोघांना बोलावणं गेलं आणि ठरल्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. टेबलापलीकडच्या मॅडमना सर्दी झाली होती. बत्तिशीबाईनं ठरवून टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीवर नजर रोवली. कुणाच्या तोंडाकडे म्हणून बघायचं नाही.

"यांच्या तीन महिन्यांच्या भाड्याचं काय झालं?" मॅडमनी नाक पुसत विचारलं.

"थकलंय," भाऊ म्हणाले.

"आणि अनामत?"

"वळती केली."

"कुठल्या भाड्यात?"

"त्याच तीन महिन्यांच्या."

"मग थकलंय काय?"

"तेच की, तीन महिने!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, एकच लाकूड दोनदा कसं जळेल? अनामत वळती केली असेल, तर थकबाकी संपली. मग थकबाकी म्हणून यांना बाहेर काढता येत नाही. आणि वळती केली नसेल, तर भाडं थकलंय खरं, पण अनामत अजून यांचीच आहे. जाताना तिचा हिशेब द्यावा लागेल. दोन्हीपैकी काय?"

भाऊ छताकडे बघायला लागले. "म्हणजे मी काय म्हणू?"

"खरं असेल ते." मॅडम बत्तिशीबाईकडे वळल्या. "तुम्ही सांगा. त्या दिवशी हे काय म्हणाले होते?"

इथं एक वाक्य हवं होतं. एवढं एकच. आणि तिला आठवत होती फक्त दाढ.

"शब्द नाही आठवत हो," ती कशीबशी म्हणाली. "यांची दाढ शाबूत होती तेव्हा, एवढं पक्कं आठवतंय."

धाकटीनं कपाळावर हात मारला.

भाऊ मात्र दुखावले. "आठवत नाही? ताई, गुडघे दुखत असताना मी जिना चढून आलो! म्हटलं, जिवाला लावून घेऊ नका, अनामतीतून वळतं करतो. आणि त्याच दिवशी केलं! मी काय नुसता तोंडाचा गोड माणूस आहे? केलं म्हणजे केलं!"

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"थकबाकी नाही. खोली सोडायचं कारण नाही."

भाऊंचा चेहरा बत्तिशीबाईइतकाच गोंधळला. ते म्हणाले, "पण माझी मुलगी परत येतेय राहायला. तिला खोली नको का? अनामत तर मी केव्हाच खर्चून बसलोय, परत कुठून देणार होतो?"

"मग तसं सांगायचं होतं. मुलीसाठी हवी असेल तर रीतसर लेखी कळवा, मुदत द्या. ते वेगळं प्रकरण, ते वेगळं ऐकू. यांना तेव्हाही बोलायचा हक्क आहे."

तिघंही एकाच बसथांब्यावर येऊन उभी राहिली. जायचं एकाच घरी, मग दुसरीकडे कुठं उभं राहणार?

"ताई," भाऊ हळूच म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तर?"

"तर काय झालं असतं, तेही मला कळलेलं नाही, भाऊ. पण पहिल्या तारखेला भाडं देईन. पावती द्यायची."

"पावती? इतक्या वर्षांत कधी मागितली नाहीत!"

"द्यायची."

भाऊंनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते काही कळलं नाही. बत्तिशीबाई धाकटीकडे सरकली.

"आपण जिंकलो ना गं?"

"आत्तापुरतं."

"आत्तापुरतं म्हणजे किती?"

ते धाकटीलाही माहीत नव्हतं. बस आली. भाऊंनी गुडघ्यावर हात ठेवून आधी या दोघींना चढू दिलं.