जावेच्या पोटातलं विरजण

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात आनंदराज सूर्यवंशी एकतीस वर्षं पर्यवेक्षक होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गाय अडली की लोक अजून त्यांनाच बोलावतात. शंकरप्पांच्या कालवडीची गोष्ट गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खळ्यावर सुटून तिनं पोट तट्ट फुगेस्तोवर ज्वारी खाल्ली होती. चार दिवस रवंथ बंद. आनंदराजांनी एका धडधाकट बैलाच्या पोटातलं पाणी नळीनं काढलं, फडक्यातून गाळलं आणि कोमट असतानाच कालवडीच्या पोटात सोडलं.

"चारा पचवणारे जंतूच मेलेत हिचे," ते शंकरप्पांना म्हणाले. "दुसऱ्याचे दिले की घर करतेत."

तिसऱ्या दिवशी कालवड रवंथ करू लागली.

असं त्यांनी कितीतरी जनावरांना केलं होतं. माणसालाही असं काही करतात, हे मात्र त्यांना बायकोच्या दुखण्यात कळलं.

रेणुकाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. गेल्या वर्षी त्यांची दाढ सुजली. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ती बरी झाली. पुढं खोकला आला तेव्हा जुनीच चिठ्ठी दाखवून त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा आणल्या, आणि महिन्यानं तिसऱ्यांदाही. मग जुलाब लागले. दिवसातून दहा-बारा वेळा. औषध घेतलं की थांबायचे, पंधरा दिवसांत परत सुरू. एकसष्ट किलोच्या बाई शेहेचाळीसवर आल्या. एसटीत बसायची भीती वाटू लागली, शाळेत बिनपगारी रजा टाकावी लागली.

नांदेडच्या पोटाच्या डॉक्टर दामिनी यांनी तपासण्या पाहून सांगितलं, "त्या गोळ्यांनी आतड्यातले राखणदार जंतूही गेले. रान मोकळं झालं आणि एका दांडग्या जंतूनं ते बळकावलं. आम्ही त्याला मारतो, तो पुन्हा उगवतो. आता चांगल्या जंतूंनी ती जागा भरायला हवी."

ते जंतू निरोगी माणसाच्या शौचातून घ्यायचे आणि दुर्बिणीच्या नळीनं मोठ्या आतड्यात सोडायचे, हे ऐकल्यावर रेणुकाबाई खुर्चीतून उठल्याच.

बाहेर व्हरांड्यात आनंदराज त्यांच्याशेजारी बसले.

"दूध कितीबी चांगलं असू दे, विरजणाबिगर दही लागतंय का? तुझं विरजणच गेलंय."

"ते दह्याचं हाय. हे काय हाय, कळतंय ना तुम्हाला?"

"मला न्हाई कळणार? मी जन्मभर दुसरं काय केलो?"

"मी काय कालवड हाय का?" रेणुकाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. पदरानं ते पुसत त्या म्हणाल्या, "विचारा मॅडमला, कधी यायचं ते."

आनंदराज स्वतःच द्यायला तयार होते. पण महिन्यापूर्वी तापात त्यांनीही अँटिबायोटिक घेतलं होतं, म्हणून ते चालेनात. मुलगा आदर्श पुण्यात, त्याला रोजची पित्ताची गोळी, तिनंही आतड्यातले जंतू बदलतात. तोही बाद. शेवटी आनंदराजांनी अर्धापूरजवळच्या गावी वहिनींना, धुरपताबाईंना, फोन लावला. केळीच्या बागेत रोजानं जाणारी, भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताकावर राहणारी बासष्ट वर्षांची बाई. दोघी जावांचं येणं-जाणं लग्नकार्यापुरतंच. आनंदराज बोलता बोलता अडखळले.

"भावजी, सरळ सांगा की."

त्यांनी सांगितलं.

"उकिरड्याचं खत हुतंय, त्याच्यावर पीक येतंय," धुरपताबाई म्हणाल्या. "ह्याचं औषध हुत असंल तर हू द्या. कधी येऊ?"

मग आठवडाभर त्यांचं रक्त, शौच, सगळं तपासलं. जुनी दुखणी विचारून झाली. आनंदराजांना हे जरा जास्तच वाटलं.

"एवढं कशाला, मॅडम? आम्ही बैलाला नुसतं बघून घ्यायचो."

"बाईंच्या पोटात एखादा लपलेला आजार असला, तर तो रेणुकाताईंना जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून हे घरी कुणी कधीच करायचं नाही. आणि हा इलाज ह्याच आजारापुरता, हेही लक्षात ठेवा."

तपासण्या चांगल्या आल्या. प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासात झालं. धुरपताबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या. रेणुकाबाईंना त्यांच्याकडं बघवेना.

"आक्का, मला लाज वाटायली."

"लाज मला वाटाया पायजे. तू कशाला लाजतीस?"

दोघी इतक्या हसल्या की नर्स डोकावून गेली.

पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी रेणुकाबाई चारदाच उठल्या. आठवड्यानं एकदा. डॉक्टरांनी हुरळून जाऊ दिलं नाही. काहींना हे दुखणं परत होतं, तसं झालं तर पुन्हा करू, म्हणाल्या. पण दोन महिने गेले, तीन गेले, काही झालं नाही. ज्वारी, डाळी, पालेभाज्या हळूहळू पचू लागल्या. वजन पाच किलोनं वाढलं. जूनमध्ये रेणुकाबाई पुन्हा दुसरीच्या वर्गावर उभ्या राहिल्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्या एकट्याच एसटीनं अर्धापूरला गेल्या आणि जावेकडं चार दिवस राहिल्या. सकाळी धुरपताबाई त्यांना केळीच्या बागेत घेऊन गेल्या. घड उचलणाऱ्या बायकांनी विचारलं, कोण हो ह्या?

"माझी जाऊ हाय. मास्तरीण," धुरपताबाई म्हणाल्या आणि डोक्यावर चुंबळ ठेवून कामाला लागल्या.