चित्रावरचं कुंकू

त्या प्रकरणाला वीस वर्षं होत आली, पण त्यातल्या रक्षकाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा न्यू जर्सीतल्या एका शहराच्या पोलीस खात्यात तपास अधिकारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयातून फोन आला. एका चित्रकाराची भिंतभर मोठी अमूर्त चित्रं लागली होती, उद्घाटन तोंडावर आलेलं. त्यातल्या एका पांढऱ्या चित्राच्या कडेला कुणीतरी लाल बोटं पुसली होती. हे मुद्दाम केलंय, अशी तक्रार होती. पाठोपाठ एका कर्मचाऱ्याने खबर दिली की साठीचा एक रक्षक 'असलं तर माझी नातही रंगवेल' म्हणत होता.

मी जागेची पाहणी केली. लाल ठशांशेजारी एक पिवळं बोटही उमटलं होतं. बघताक्षणी ओळखलं, कारण आदल्याच दिवशी मी माझ्या गाडीला हळदकुंकू लावलं होतं. पण बोललो नाही. आपल्या माणसाचं नाव यात नको, एवढंच मनात आलं. खबर होतीच, म्हणून रक्षकाला ठाण्यावर बोलावलं.

तीन तास चौकशी चालली. तो एकच सांगत होता, "चित्र मला आवडलं नाही. पण ते सांभाळणं माझं काम आहे." खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वाढवून सांगतो. हा एक शब्दही वाढवत नव्हता. संध्याकाळी संग्रहालयाने त्याला कामावरून कमी केलं. मला माझीच लाज वाटली.

सकाळी पुन्हा गेलो. छताचे दिवे लावायच्या फिरत्या लिफ्टच्या कठड्यावर हळदकुंकवाची बोटं होती. दिव्यांचं काम नागपूरची एक विद्यार्थिनी करत होती. मी मराठीत विचारलं आणि तिचा चेहरा पडला.

"काका, दसरा होता ना, म्हणून लिफ्टची पूजा केली. मग लाइट अ‍ॅडजस्ट करताना बॅलन्स गेला आणि हात टेकला. व्हिसा कॅन्सल होईल म्हणून गप्प बसले."

"मीही गप्पच बसलो होतो," मी म्हणालो. "चल, दोघं मिळून सांगू."

तिने लेखी जबाब दिला. कोरडं कुंकू मऊ कुंचल्याने निघालं, चित्रकाराने तक्रार मागे घेतली आणि मुलगी ताकिदीवर सुटली. वरिष्ठांनी मला खडसावलं, ते योग्यच होतं. रक्षकाला संग्रहालयाने परत बोलावलं, पण तो गेला नाही. मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. त्याने शांतपणे दार लावून घेतलं.

संशय घ्यायला पोलिसाला शिकवतात. तो आपल्या माणसावर घ्यायला मी एकच दिवस उशीर केला, आणि त्या दिवसाची किंमत दुसऱ्याने भरली.