फिरत्या स्टेजवरची जयमाला

माझ्या मुलीच्या लग्नात जयमालेच्या वेळी स्टेज नेमकं कुठे थांबेल, हे मी गणितानं काढलं होतं. गणित बरोबर आलं. बाकीचं सांगतो.

मी उज्जैनला अकरावी-बारावीला गणित शिकवतो. सईचं लग्न देवासच्या अंकितशी ठरलं. त्याच्या घरची मंडळी हिंदी बोलणारी, फार मायाळू. त्यांची मागणी एकच: सकाळी तुमच्या पद्धतीनं मंगलाष्टकं होऊ द्या, पण संध्याकाळी जयमाला हवी आणि ती फिरत्या स्टेजवर हवी. (फिरतं स्टेज म्हणजे मोटर लावलेला मोठा गोल चौथरा. त्यावर नवरा-नवरी उभे राहतात, त्यांच्या पाठीशी फुलांची भिंत असते आणि सगळं मिळून जात्यासारखं सावकाश फिरतं.)

इकडे माझ्या आईचीही मागणी एकच होती. मी आणि माझी बायको वसुधा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सई आईच्याच मांडीवर वाढली. तिची वेणी, तिचा डबा, तिची आजारपणं, सगळं आईनं केलं. आता आईच्या मानेला पट्टा होता, मान वळत नव्हती आणि गुडघ्यांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं.

"मला मानपान काही नको," ती म्हणाली. "सई माळ घालेल तेव्हा तिचं तोंड दिसू दे. पाठ नको."

"त्यात काय, आईंची खुर्ची आपण स्टेजच्या समोर नेऊ की," वसुधा म्हणाली.

"आणि गर्दीत मानेला धक्का लागला तर?" मी म्हणालो. "आई लॉनच्या कडेच्या खोलीच्या दाराशीच बसेल. स्टेज तिच्याकडे येईल."

"स्टेज येईल?"

"फिरतं आहे ना? मग थांबवायचं कुठे ते काढता येतं."

वसुधानं माझ्याकडे पाहिलं आणि लाडूंचे डबे मोजायला निघून गेली.

मी टावर चौकातून ग्राफपेपर आणला. माधव नगरमधल्या मॅरेज गार्डनमध्ये जाऊन टेपनं मापं घेतली. स्टेजचा मध्य हा आरंभबिंदू. पायऱ्यांकडे जाणारी रेघ हा एक्स-अक्ष. आईच्या खुर्चीचे निर्देशक मांडले, कोन काढला. इतका सुरेख कोन आला की मला भरून आलं: पायऱ्यांपासून बरोबर एक तृतीयांश फेरी. स्टेज चालवणाऱ्या पप्पूभाईला मी तसं समजावलं.

"पप्पूभाई, एक तिहाई चक्कर, और बस. रोक देना."

"रोक देंगे मास्साब. टेंशन मत लो."

संध्याकाळ झाली. सई आणि अंकित पायऱ्या चढून पायऱ्यांकडेच तोंड करून स्टेजवर उभे राहिले. आई खोलीच्या दाराशी, नवं जांभळं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मी पप्पूभाईला खूण केली. स्टेज हललं आणि उलट्या दिशेला निघालं.

उलट्या म्हणजे माझ्या उलट्या. गणितात धन कोन घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं मोजतात. हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवत आलोय की जगातली प्रत्येक वस्तू तशीच फिरते असं मी धरून चाललो होतो. पप्पूभाईचं स्टेज घड्याळाबरोबर फिरत होतं. बरोबर एक तृतीयांश फेरी करून ते थांबलं. सई आणि अंकित हातात माळा घेऊन पाणीपताशेवाल्यासमोर, म्हणजे पाणीपुरीच्या गाडीसमोर, उभे होते. आईला फुलांच्या भिंतीची मागची बाजू दिसत होती, त्यातल्या बांबूंसकट.

पताशेवाल्यानं गोंधळून हात जोडले. सईनंही जोडले.

"बाबा," तिनं वरून हाक मारली, "आजी कुठेय?"

"येतेय, येतेय. तू माळ घालू नकोस," असं म्हणत मी जनरेटरजवळ पप्पूभाईकडे धावलो. धावता धावता मनातल्या मनात चिन्ह बदललं. घड्याळाबरोबर गेलं तर आईपर्यंत दोन तृतीयांश.

"पप्पूभाई, दो तिहाई घुमाओ."

"अभी?"

"अभी."

आता हे दोन तृतीयांश पायऱ्यांपासून मोजायचे होते आणि स्टेज एक तृतीयांश आधीच जाऊन बसलं होतं, हे आठवीतल्या मुलाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. स्टेज निघालं, खोलीच्या दारासमोरून न थांबता पुढे गेलं, फेरी पूर्ण केली आणि जिथून निघालं होतं तिथेच, पायऱ्यांसमोर येऊन उभं राहिलं. व्याहीबुवांना हा रिवाजच वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण आता मला खरोखर बरोबर उत्तर सापडलं होतं. आता पायऱ्यांपासून दोन तृतीयांश. मी पप्पूभाईला पुन्हा सांगितलं, तो "जैसा आप बोलो" म्हणाला आणि स्टेज तिसऱ्यांदा निघालं.

एवढ्या वेळात वसुधानं जे करायचं ते केलं होतं. स्टेज पताशेवाल्यासमोर थांबलेलं पाहून ती आईची खुर्ची ढकलत, लोकांना बाजूला सारत तिकडे निघाली होती. ती पताशेवाल्याजवळ पोचली आणि माझं स्टेज फिरत फिरत तिथूनच जायला लागलं. क्षणभर सई आणि आई समोरासमोर आल्या. आईनं हात वर केला. सईनं माळ उंचावून दाखवली. आणि मी काढलेल्या कोनानं सईला पुढे नेलं.

स्टेज बरोबर खोलीच्या दारासमोर थांबलं. तसूभरही इकडे तिकडे नाही. समोर फक्त आईच्या चपला होत्या.

मी चौथऱ्यावर चढलो. "सई, एकच मिनिट, आता फक्त..."

"बाबा," सई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "तुम्ही इथेच थांबा. काही म्हणजे काही फिरवू नका."

अंकितनं खाली उडी मारून तिला हात दिला. शालू सावरत, माळ जपत ती उतरली आणि दोघं हिरवळीवरून आईकडे चालत गेली. पाहुणे त्यांच्यामागे गेले. मी सांगितल्याप्रमाणे स्टेजवर उभा राहिलो.

जनरेटरजवळून पप्पूभाईला एवढंच दिसलं की माळा वर झाल्या आहेत आणि स्टेजवर कुणीतरी आहे. त्यानं सगळी बटणं दाबली. धूर आला, गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या आणि मी फिरू लागलो.

त्यामुळे माझ्या मुलीची जयमाला मी हप्त्याहप्त्यानं पाहिली. पहिल्या फेरीत सई आईसमोर गुडघ्यावर बसत होती. दुसऱ्या फेरीत अंकित मान वाकवून "दादीजी, दिख रहा है?" विचारत होता. तिसऱ्या फेरीत माळा गळ्यात होत्या, आईचे दोन्ही हात दोघांच्या गालांवर होते आणि वसुधा पदरानं डोळे पुसत होती. मधल्या काळात मी फुलांच्या भिंतीआड रडून घेतलं. सोय चांगली होती.

महिन्याभरानं अल्बम आला. आई एकेक पान भिंगातून पाहत होती. सईचा माळ घालतानाचा फोटो तिनं पुष्कळ वेळ मांडीवर ठेवला. मग पुढची पानं उलटली आणि थांबली.

"सई एकाच बाजूनं आली आहे रे," ती म्हणाली. "तू मात्र सगळ्या बाजूंनी आला आहेस."