रंकाळ्यावर दिलेली पिशवी

काही केसेस कागद बंद झाले की डोक्यातून जातात. ही गेली नाही. ना खून, ना दरोडा, तरी कुणी म्हणालं की साहेब नोकरीतली एखादी केस सांगा, की मी हीच सांगतो. सांगताना आवाज चढतो. चढू दे.

नव्वदचं दशक. मी नवीन फौजदार, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या ठाण्यात. दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि बाहेर रडारड सुरू झाली. गडहिंग्लजकडचं शेतकरी कुटुंब होतं. सासरा, सासू, मुलगा आणि वर्षभरापूर्वी आलेली सून. निघाले होते नृसिंहवाडीला, पण वाटेत एक दिवस कोल्हापूर बघायचं ठरलेलं. अंबाबाईला ओटी, मग रंकाळा, मग नवा राजवाडा, संध्याकाळच्या एसटीनं वाडी. सुनेनं शहर कधी बघितलंच नव्हतं, तिच्यासाठीच हा घाट. आणि रंकाळ्यावर कळलं की सासूचा सोन्याचा साज गायब.

सासूनं फिर्याद सांगितली ती अशी. एसटी स्टँडवर गर्दी बघून तिनं गळ्यातला साज काढला आणि नवऱ्याकडं दिला, नीट ठेवा म्हणून. त्यांनी तो पिशवीतल्या तांदळात खुपसला. तांदूळ वाडीला शिधा द्यायला आणलेले. पिशवी दिवसभर सुनेच्या खांद्यावर. रंकाळ्यावर तिनं गाठोडं सोडून बघितलं तर नुसते तांदूळ.

सासरे खुर्चीवर बसून मान हलवत होते. हवालदारानं त्यांना चहा मागवला. मोठा माणूस, त्यांना काय विचारायचं, आमच्याकडं असंच असतं.

मी दोन माणसं रंकाळ्यावर पाठवली. तिथल्या एका भेळवाल्यानं खबर दिली, ही तरणी बाई कठड्याजवळ एका पोराला दुसरी एक छोटी पिशवी देताना त्यानं बघितलेली. घरची मंडळी तेव्हा पलीकडं फोटो काढून घेत होती. झालं. मला वाटलं, केस संपली.

सुनेला विचारलं. ती दचकली नाही. म्हणाली, "माझा भाऊ हाय त्यो. कळंब्याला गॅरेजात असतोय."

"घरात सांगितलं होतंस?"

"न्हाय. सांगितलं असतं तर देऊ दिलं नसतं."

सासू लगेच म्हणाली, बघा साहेब, तोंडानंच कबूल झाली. नवरा भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता.

भावाला गॅरेजमधून उचलून आणला. हाताला ऑइल तसंच, बरोबर ती पिशवी. पिशवीत डबा, डब्यात लालभडक चटणी. त्याला वेगळं बसवून तास दीड तास फिरवून फिरवून विचारलं. पोरगा एकच सांगायचा, खानावळीचं जेवण घशाखाली उतरत न्हाय म्हणून अक्कानं घरची चटणी आणली. शिपायांनी पेपर पसरून सगळी चटणी चाळली. अख्खं ठाणं शिंकायला लागलं. साज नाही. मग संशय असा की पोरानं मधेच कुठंतरी लपवला असणार.

एवढ्यात फोन आला. गावाकडच्या एका पुढाऱ्याचा. घरातलं प्रकरण हाय, कागद काळे करू नका, मिटवा. सासरेही खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "साहेब, आमची तक्रार न्हाय. पोरगीला हितंच भावाकडं सोडतो. बोभाटा नगं."

ऐकायला किती सभ्य वाटतं बघा! माझे हवालदार तर सुटल्यासारखे झाले. पण त्याचा अर्थ त्या पोरीला आमच्या सगळ्यांच्या आधी कळला. त्या संध्याकाळी ती गुपचूप भावाबरोबर गेली असती तर आयुष्यभर चोर ठरली असती, आणि सासरचं दार तिला परत उघडलं नसतं.

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "मिटवायचं न्हाय. लिवून घ्या. संशय माझ्यावर हाय तर माझं नाव घाला. झडती घ्यायची तर बाई पोलीस बोलवा, पंच बोलवा."

सासू म्हणाली, "तोंड बघा हिचं."

"आन् जबाब माझा एकटीचाच का, साहेब? चौघं आलोय की. चौघांचं घ्या. येगयेगळं बसवून. मामांचाबी."

मामा म्हणजे सासरे. हवालदार तिच्यावर डाफरला. मी त्याला गप्प केलं, फोनवाल्याला सांगितलं की तपास सुरू आहे, आणि सासऱ्यांना आतल्या खोलीत घेऊन गेलो. त्यांना ते आवडलं नाही. न आवडू दे.

"साज कशात ठेवला?"

"सांगितलं की. तांदळात."

"तांदूळ कशात होते?"

"कापडात बांधलेलं."

"कसलं कापड?"

वैतागून म्हणाले, "हिरवं. लाल काठाचं."

बाहेर येऊन सासूला विचारलं, शिध्याचे तांदूळ कशात बांधले होते? ती म्हणाली, धोतराच्या पांढऱ्या फडक्यात. म्हटलं, मग हिरव्या कापडात काय होतं? तिनं तोंडाला पदर लावला. "आगं आई गं... त्यो खण. अंबाबाईची ओटी."

साठीला आलेला माणूस, घरातल्या बाईनं आजवर शेकडो ओट्या भरल्या असतील, पण खणात नारळाबरोबर तांदूळही बांधतात हे यांनी कधी वाकून बघितलंच नव्हतं. पिशवीत शिध्याशेजारीच ओटी होती. तांदळाचं गाठोडं दिसलं, खुपसला साज. आणि सासूनं स्वतःच्या हातानं ती ओटी देवीला वाहिली!

देवळात गेलो. तिथल्या मंडळींनी काही खळखळ न करता दिवसभराच्या ओट्या पुढं ठेवल्या. पंचांसमोर एकेक गाठ सोडत गेलो. हिरवे खण तरी किती! सासूनंच आपला खण ओळखला. तांदळात साज. पंचनामा केला, ताबेपावती घेतली.

ठाण्यात परत आल्यावर सासू रडत रडत साज सुनेच्या गळ्यात घालायला गेली. सून मागं सरकली.

"तुमचा तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे, आत्याबाई. मला साज नगं. माझ्या भावाला सगळ्यांदेखत चोर म्हणलायसा. आता मामांनी सगळ्यांदेखतच सांगावं."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडंच बघत राहिलो. शेवटी ते पटांगणात आले. चहावाला, शिपाई, दुसऱ्या कामाला आलेले लोक, सगळे उभे होते. सासरे त्या पोराला म्हणाले, "पावणं, चूक माझी हाय. तुमचा काय बी दोष न्हाय." आवाज बारीक होता. ती म्हणाली, जरा मोठ्यानं. त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

मग सगळ्यांना एसटीची घाई झाली. ती जागची हलली नाही. म्हणाली, गाडी उद्याबी हाय, मी राजवाडा बघायला आलोय, बघितल्याबिगर जायची न्हाय. भावाला घेऊन फाटकाकडं चालायला लागली, आणि दिवसभर मुक्या राहिलेल्या नवऱ्याला वळून विचारलं, "येताय?" त्यानं पिशवी उचलली आणि मागं निघाला. सासू-सासरे थोडा वेळ उभे राहिले. मग तेही निघाले.

पुढं पंचवीसेक वर्षं मी खाकी घातली. मिटवा म्हणणारे रोज भेटायचे. त्यांच्यात ज्याच्यावर आळ आलाय तो स्वतः क्वचितच असायचा. म्हणून मी एक सवय लावून घेतली. आधी त्यालाच विचारायचो, तुला मिटवायचंय का? आणि खुर्चीवर चहा पीत बसलेल्या मोठ्या माणसाचा जबाब पहिला घ्यायचो. वरिष्ठ चिडले, पुढारी चिडले, एकदोनदा बदलीही झाली. नव्या ठाण्यातही फोन यायचेच. मी रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचो आणि समोरच्याला म्हणायचो, हां, सांग, लिहितोय.