फाटकावरच्या जास्वंदी

“अहो, वाया नाही घालवत, झाडांना घालते,” म्हणत काकूंनी आणखी एका पाहुण्याची बाटली कुंडीत रिकामी केली. वाघोलीजवळच्या वॉटर पार्कमध्ये मी तिकीट खिडकीवर बसते. शेजारी फाटकावर या काकू पाहुण्यांच्या बॅगा तपासतात. आतले पिण्याच्या पाण्याचे फुकट कूलर काढले, तेव्हापासून घरून आणलेलं पाणीही आत न्यायला बंदी झाली; आत विकतच घ्यायचं. “सावलीचे पैसे कधीपासून लावताय?” लोक विचारतात. काकू हात जोडून हसतात. फाटकावरच्या जास्वंदी मात्र तरारल्या आहेत.

काल एका बाईंच्या बॅगेतून थर्मास निघाला. कडेवरचं तान्हं रडत होतं. “अहो, बाळाच्या दुधासाठी उकळलंय,” त्या विनवत होत्या. काकूंनी झाकण काढून थर्मास कुंडीपाशी ठेवला. कढत पाण्याने मुळं भाजतात, म्हणून त्या ते निवू देत होत्या.

“काकू, थर्मास परत द्या त्यांना,” मी खिडकीतून मोठ्याने म्हणाले.